डेकोरेशनवाली

पप्पूनं मला मॅडम म्हटलं. मी स्टुलावर उभी होते, तार दातांत धरलेली, हातात पक्कड, खिडकीच्या चौकटीला विंडचाईम अडकवत होते, आणि दारात तीन-चार माणसं येऊन थांबली होती. त्यांच्यापुढं उभा राहून माझा सख्खा धाकटा भाऊ माझ्याकडं हात करून सांगत होता, "ह्या मॅडम हायेत. डेकोरेशनच्या. मंचरवरनं बोलावल्यात." मला आधी वाटलं, माझ्या मागं कुणी उभं आहे. मी मागं वळूनसुद्धा बघितलं. मागं खिडकी, खिडकीबाहेर आमची कांदा साठवायची बराख आणि तिच्या तट्ट्यावर वाळत घातलेला माझाच गाऊन. पाहुण्यांतल्या म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पप्पू माझ्याकडं बघत नव्हता, स्टुलाच्या पायांकडं बघत होता. लहानपणी खोटं बोलला की असाच कशाच्या तरी पायांकडं बघायचा, पलंगाच्या नाहीतर बैलाच्या. मी दातांतली तार काढली आणि म्हटलं, "नमस्कार." काय करणार? जीभ आपोआप चालली. दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं, हे मला नमस्कार करून झाल्यावर सुचलं.

वेळ चारची ठरली होती. मुलीकडचे पिंपरी पेंढारचे, घर बघायला येणार होते. आमच्या भागात हल्ली असंच चालतं. आधी मुलीकडचे येऊन घर बघून जातात, संडास आत आहे का बघतात, किचनचा ओटा बघतात, नळ सोडून बघतात, आणि घर पसंत पडलं तर मग मुलाची बारी. पोरगा शेती करतो म्हटल्यावर त्याच्यात बघण्यासारखं काही उरतच नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. मी दुपारच्या गाडीनं अवसरी खुर्दला मावशीकडं जायचं आणि उद्या परत यायचं असं आमच्यात ठरलं होतं. ठरलं म्हणजे आईनं भाकरी थापताना भिंतीकडं तोंड करून सांगितलं आणि मी बरं म्हटलं. पण हे लोक चारला सांगून बाराला आले. ती म्हातारी, मुलीची आजी, ठमाबाई, बाहेर सोफ्यावर बसून अभिमानानं सांगत होती, "मी मुद्दामच आसं करती. चारला आलं का समदं झाकपाक झालेलं आसतं. आवचित आलं का घर कसं हाये ते दिसतं." सगळे हसले. आमची आई सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग ती पिठाच्या हातानं आत डोकावली, मी अजून स्टुलावरच होते, आणि एवढा मोठा श्वास घेऊन मला म्हणाली, "आवरलं का वो बाई तुमचं?"

तुमचं. मला वो घातला तिनं. पप्पूचं मी समजू शकते. तो घाबरला, तोंडाला येईल ते बोलला. मंचरहून बारशाला, वाढदिवसाला फुगेवाले बोलावतात, ते त्याच्या डोक्यात आलं असणार. पण आईला वेळ मिळाला होता. कणीक मळत होती, बाहेरचं सगळं ऐकलं होतं, हात धुवायलाही न थांबता ती आली आणि ठरवून आली. मी तिच्याकडं बघितलं तर तिचे डोळे मला विनवत होते. हीच तर खरी गोम. आईनं डोळे वटारले असते तर मी खाली उतरून सगळ्यांसमोर सांगितलं असतं, मी अक्षदा, ह्या घरातली मोठी मुलगी, ही खोली माझी, तो गाऊन माझा. पण विनवणाऱ्या आईचं काय करायचं हे मला कधीच जमलं नाही. मी म्हटलं, "होईल थोड्या वेळात." आणि परत तारेला पीळ द्यायला लागले. पीळ मात्र पक्का बसला.

ह्याच्या आधीची स्थळं मला आठवायला लागली, कारण प्रत्येक स्थळानं ह्या घराला काहीतरी चिकटवलं आहे. पहिल्यांदा आले त्यांना शेणानं सारवलेली पडवी आवडली नाही, म्हणून फरशी आली. दुसऱ्यांना बसायला खुर्च्या प्लॅस्टिकच्या दिसल्या, म्हणून सोफा आला. मग छताला पीओपी, त्यात निळे दिवे. ते चालू केले की आमची आई पाण्यात बुडाल्यासारखी दिसते. एका मुलीनं म्हणे मध्यस्थाला सांगितलं की घर आहे पण घराला लुक नाही. झालं. पप्पू ते वाक्य घेऊन आठवडाभर फिरत होता. कांदा भरताना म्हणायचा, "आक्के, लुक म्हंजी नेमकं काय गं?" मी म्हटलं, मी देते तुला लुक. आणि शेवटच्या स्थळानं सगळं पसंत केलं, सोफा, ओटा, दिवे, अगदी पप्पूसुद्धा, आणि मग दोन दिवसांनी निरोप आला की बाकी काही नाही, पण मुलाची बहीण घरात आहे. माहेरी बसलेली. त्या दिवशी कुणी मला काही बोललं नाही. जेवायला वाढलं, भाजी परत घेतेस का विचारलं. ते न बोलणं मी अजून गिळलेलं नाही. ह्या वेळेला आईनं मध्यस्थाला आधीच सांगून टाकलं की मुलगी पुण्याला असते, दिल्या घरी सुखी आहे. मी म्हटलं, अगं गावात कुणालाही विचारलं तरी कळेल. तर म्हणाली, "लगीन लागंस्तवर झाकायचं. मंग काय व्हायचं ते व्हऊ दे." म्हणजे मी झाकायची वस्तू. पाहुणे आले की पलंगाखाली सरकवतात ना पोती, तशी.

दिल्या घरी मी खरंच होते. पुण्यात वाकडला, अकराव्या मजल्यावर. तिथं वारा कायम असायचा, आणि दुपारी त्या वाऱ्याशिवाय कुणी बोलायला नसायचं. नवरा सकाळी जायचा, रात्री यायचा, आला की मोबाईल चार्जिंगला लावायचा आणि त्याच्या शेजारीच स्वतःला पण लावायचा. पहिला विंडचाईम मी रस्त्यावरून घेतला, बाल्कनीत टांगला. तो वाजला की वाटायचं कुणीतरी आलं. मग ड्रीमकॅचर करायला शिकले, मोबाईलवर बघून बघून. गोल कडी, तिच्यात दोऱ्याचं जाळं, खाली पिसं. वाईट स्वप्नं जाळ्यात अडकतात आणि चांगली पिसांवरून घसरत खाली येतात म्हणे, झोपलेल्याच्या डोळ्यांत. मी ते आमच्या पलंगावर टांगलं. नवरा म्हणाला, "हे काय कोळ्याचं जाळं लावलंयस?" सासूबाई आल्या तर म्हणाल्या, आधी पाळणा टांगायचं बघा, मग असली खेळणी टांगा. मी अजून दोन केले. एका खोलीत एक, एका खोलीत दोन, हॉलमध्ये तीन. घर भरत होतं आणि मला वाटत होतं मी ते भरते आहे. मग एक दिवस तो म्हणाला, जरा माहेरी जाऊन ये, बदल होईल. आमच्याकडं माहेरी आलेल्या बाईला न्यायला नवऱ्यानं यायचं असतं. मी वाट बघितली. दिवाळी गेली, आई दर गाडीला रस्त्याकडं बघायची. दुसरी दिवाळी गेली तेव्हा तिनं बघायचं सोडलं आणि मला कळलं की आता मी पाहुणी नाही. पुढं कोर्टातलं सगळं रीतसर झालं. तो एकदाही ओरडला नाही, हात उगारला नाही, त्यामुळं माझ्याजवळ सांगायला गोष्टच नाही. बायका विचारतात, काय झालं गं नेमकं? मी म्हणते, काही नाही. आणि त्यांना वाटतं मीच काहीतरी लपवते.

ही खोली मी ह्या उन्हाळ्यात केली. सात-आठ वर्षं मी ह्याच खोलीत कांद्याच्या रिकाम्या गोण्यांशेजारी झोपत होते. पप्पूच्या लग्नानंतर ही त्यांची खोली होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दुसरी खोलीच नाही. तरी मी केली. पिठाच्या मोडक्या चाळणीची कड काढून तिच्यावर दोरा ओवला. पिसं आमच्याच कोंबड्यांची, धुवून, वाळवून. विंडचाईमच्या नळ्या मंचरला खिडक्या बनवणाऱ्याकडून आणल्या, त्याच्या दुकानात कापलेले ॲल्युमिनियमचे तुकडे पडलेले असतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा घासून घेतला की आवाज वेगळा येतो. भिंतीला फिकट रंग दिला, पप्पूनं डबा धरला. तेव्हा आम्ही किती हसलो. तो म्हणाला, "आक्के, ह्या खोलीला कोन न्हाय म्हनंल?" मलाही तसंच वाटलं. रात्री त्या जाळ्याखाली झोपायचे तेव्हा माझ्या मनात यायचं की ह्या खोलीला कुणी नाही म्हणणार नाही, आणि मग मी कुठं झोपेन? असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी मी आणखी एक पीस बांधायचे. माझ्यासारखी खुळी बाई शोधून सापडणार नाही. आपल्या हातानं आपलं अंथरूण इतकं सुंदर करायचं की दुसरीनं ते मागावं.

ती दुसरी आत आली. प्राची नाव. नारायणगावला कुठल्याशा पतसंस्थेत नोकरीला होती. मला वाटलं होतं नाक मुरडणारी असेल, पण तसं काही नव्हतं. चप्पल दाराबाहेर काढली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघत राहिली. खिडकीतून वारा आला आणि माझ्या नळ्या वाजल्या. "हे तुम्ही स्वतः केलं?" मी म्हटलं, हो. "पिसं खरी आहेत?" मी म्हटलं, कोंबडीची. ती हसली. पलंगावर टेकली, मग मला विचारून जराशी आडवी झाली आणि ड्रीमकॅचरकडं खालून बघायला लागली. तिथून ते सगळ्यांत छान दिसतं हे फक्त मला माहीत होतं. मला ती आवडली. ह्याचा मला फार राग आला. वाईट निघाली असती तर मी आतून खूश झाले असते आणि जाऊन मावशीकडं पोटभर जेवले असते. ती म्हणाली, "खरं सांगू का मॅडम, मला शेतकरी नकोच होता. घरच्यांसाठी आले. पण ही खोली बघून वाटतंय, जमेल. इतकं मन लावून कुणी कुणासाठी करतं का?" मी म्हटलं, "ऑर्डर होती." मग ती खालच्या आवाजात बोलायला लागली, बाईमाणूस बाईमाणसाशी बोलतं तसं. "नणंदपण पुण्याला असते म्हणे. ते एक बरंय. माझ्या मैत्रिणीकडं नणंद परत आलीय, रोजचं महाभारत. मी आधीच सांगितलं होतं, माणसं कितीही असू देत, पण परत आलेली नणंद नको." मी पक्कड पिशवीत टाकली, तार गुंडाळली. ती वाईट मनानं बोलली नव्हती. भाजीत वांगं नको म्हणतो तसं बोलली होती.

तेवढ्यात ठमाबाई काठी टेकत आत आल्या. प्राचीला म्हणाल्या, "जा, गच्ची बघून ये, पप्पूराव दावतील." ती गेली. म्हातारीनं भिंतीला हात लावून बघितला, गादी दाबून बघितली, मग डोळे बारीक करून म्हणाली, "लई आंधारी हाये का गं ही खोली?" मी मागं न बघता दारामागं हात घातला आणि दिवा लावला. त्या खोलीचं बटण दारामागं आहे, लाईट फिटिंगवाल्यानं चुकून तिथं बसवलं. नवा माणूस भिंतभर चाचपडत राहतो. माझा हात तिथंच राहिला. म्हातारी हसलीसुद्धा नाही. "बटण बरं गावलं," म्हणाली. "आमी चौकशी केल्याबिगर कुणाच्या दारात जात न्हाई, बाई. तुझी हनुवटी तुझ्या आयशीची हाये, त्येला काय चौकशी लागत न्हाई." मी स्टूल उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. मला वाटलं आता ही बाहेर जाऊन बोंबलणार. मला वाटलं, बोंबलू दे. मी सुटले असते. पण ती पलंगाच्या कडेला बसली आणि साडीच्या निऱ्या नीट करत म्हणाली, "पोरगा चांगला हाये. जमीन पाण्याखालची हाये. आमच्या पोरीला ठावं न्हाई, आन् म्या काय सांगत न्हाई. तू बी सांगू नगंस. काम चांगलं करतीस तू." एवढं बोलून तिनं विंडचाईमची एक नळी दोन बोटांत धरून थांबवली आणि मला विचारलं, "रातचं लई वाजतं का हे?"

निघताना आईनं कुंकवाचं ताट आणलं. प्राचीला लावलं, तिच्या आईला लावलं. मी पिशवी घेऊन कोपऱ्यात उभी होते, डेकोरेशनवाली उभी राहील तितक्या अंतरावर. ठमाबाई म्हणाल्या, "त्या बाईला बी लावा की. घरी आलेल्या बाईला तसंच वाटंला लावू न्हाई." आईचा हात थांबला. कोर्टातनं आल्यावर गावातल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं, आणि त्यांच्यामागून आमच्या घरातही ते बंद झालं होतं. कुणी ठरवलं नव्हतं. एका संक्रांतीला आईनं ताट माझ्यासमोरून पुढं नेलं एवढंच. मीही त्या वेळेला कपाळ पुढं केलं नव्हतं, केलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. आता ती माझ्यापुढं आली. तिच्या बोटाला कणीक चिकटलेली होती. मुलीला इतकी वर्षं दिलं नाही ते तिनं मंचरच्या बाईला दिलं, हळद आणि कुंकू दोन्ही, आणि म्हणाली, "या परत." मी वाकून नमस्कार केला. बाहेरचे बघत होते म्हणून केला, आणि खरं सांगायचं तर आई होती म्हणूनही केला. पप्पू गाडीवरून सोडतो म्हणाला. मी म्हटलं, नको, मी माझी जाईन. मग आमच्या बांधावरून, आमच्या कांद्याच्या रानातून चालत रस्त्याला लागले. मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना वाटलं असतं ह्या बाईचं काहीतरी राहिलं.

मावशीच्या ओसरीवर बसले तेव्हा उन्हं कलली होती. कॉलेजची पोरं रस्त्यानं चालली होती, कानात काहीतरी घालून, आपल्यातच हसत. मावशीनं कपाळाकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तिची पोरगी आरती आत चहा ठेवत होती. मी विचार करत होते की आज काही झालंच नाही असं समजता येईल का. पसंत नाही म्हणतील, मी उद्या परत जाईन, पप्पू लाजून दोन दिवस समोर येणार नाही, मग आक्के म्हणून हाक मारेल, आणि माझी खोली माझीच राहील. मला हे हवं होतं. माझ्या भावाचं लग्न मोडावं असं मला त्या ओसरीवर बसून मनापासून वाटत होतं, आणि ते वाटल्याची मला लाजही वाटत नव्हती. तेवढ्यात आईचा फोन आला. ती रडत होती, पण ते रडणं आनंदाचं होतं, ते मला पहिल्याच शब्दाला कळलं.

"जमलं गं अक्षे, जमलं. पाव्हनं गाडीत बसायच्या आदी सुपारी बी फुटली. पोरगी म्हनली, खोली बघूनच मन बसलं. तुझ्या हाताला यश हाये, पोरी." मी म्हटलं, बरं झालं. "आन् आईक, देवानं कसं घडवून आनलं बग. ती म्हातारी म्हनली, मांडवाचं काम दुसऱ्या कुनाला द्यायचं न्हाई, त्याच मंचरच्या बाईला द्यायचं. तिनं यावं, सजवावं, काम झालं का जावं. म्या म्हनलं, सांगते की. म्हंजी तुला लगीन डोळ्यांनी बगाय मिळंल का न्हाई?" ती खरंच खूश होती. तिला वाटत होतं तिनं माझ्यासाठी काहीतरी मिळवलं. म्हातारीनं मला माझी जागा नेमून दिली होती आणि माझ्या आईनं ती दोन्ही हातांनी घेतली होती. मी विचारलं, "आणि करवली?" नवरदेवाच्या मागं कलश घेऊन उभी राहते ती करवली, सख्खी बहीण असली की तीच, तिला मानाची साडी, तिचे रुसवेफुगवे. आई म्हणाली, "मावशीच्या आरतीला उभी करू. मावसबहीण म्हनून सांगू. तिला इचारून ठेव." आरती त्याच वेळेला चहा घेऊन बाहेर आली आणि कप माझ्यासमोर ठेवून, काय झालं, म्हणून बघत राहिली. मी कप जवळ ओढला. आई तिकडून हॅलो हॅलो करत होती.

मी म्हटलं, "आई, मांडवाला कापड कुठल्या रंगाचं पायजे?"

"थांब," आई म्हणाली, "प्राचीला इचारून सांगते."